काकांची ट्रायंफ स्पिटफायर : कामाला हात कुठून घालावा?

ठाकूरद्वार | १८ मे, रात्री १०.१५

नमस्कार. गिरगावात आमच्या वाडीच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक शेड आहे आणि तिच्यात माझ्या काकांची १९६४ सालची ट्रायंफ स्पिटफायर, म्हणजे दोन आसनांची ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, ताडपत्रीखाली उभी आहे. काकांनी ती दुसऱ्या हाताची घेतली, वीस वर्षे जिवापाड जपली, आणि १९९२ च्या पावसाळ्यानंतर ती पुन्हा रस्त्यावर आली नाही. दोन वर्षांपूर्वी काका गेले. काकू आता एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि गाडी विकू नये एवढीच त्यांची इच्छा आहे.

वाडीचा पुनर्विकास मंजूर झाला असून ऑक्टोबरअखेर जागा रिकामी करायची आहे. त्यामुळे इतकी वर्षे पुढे ढकललेला निर्णय आता घ्यावाच लागणार आहे. गेल्या रविवारी ताडपत्री काढली. चारही टायर बसलेले आहेत, इंजिन हाताने फिरत नाही, उजव्या दाराखालचा पत्रा बोटाने दाबला की आत जातो आणि छताचे कापड राहिलेलेच नाही. मात्र दिवे, घड्याळे, स्टीअरिंग, दोन्ही कार्ब्युरेटर असे बहुतेक सगळे भाग जागेवर आहेत.

ओळखीतल्या एका गॅरेजवाल्याचे म्हणणे असे, की जुने इंजिन काढून मारुतीचे बसवावे, गाडी रंगवून घ्यावी आणि चार महिन्यांत मोकळे व्हावे. माझे मन त्याला तयार नाही, पण माझ्याकडे अनुभवही नाही. माझा प्रश्न सरळ आहे : अशा गाडीच्या कामाची सुरुवात इंजिनापासून करावी, पत्र्यापासून करावी, की आणखी कशापासून?

किंगसर्कल | १८ मे, रात्री १०.५२

गाडीचे फोटो जरूर टाका. विशेषतः दाराखालच्या भागाचे आणि बॉनेट पुढे उलटल्यावर दिसणाऱ्या चेसिसचे.

हेरल्डप्रेमी | १९ मे, सकाळी ७.०५

ठाकूरद्वार, सर्वप्रथम एक विनंती. उत्साहाच्या भरात कोणालाही त्या इंजिनाला बॅटरी जोडून स्टार्टर मारू देऊ नका आणि गाडी ढकलून चालू करण्याचा प्रयत्नही करू नका. तीस वर्षे उभ्या राहिलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटलेल्या असतात. जोर लावला की रिंग तुटते किंवा वाल्व वाकतो, आणि जे काम तेलाने झाले असते त्याला लेथ लागतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. आमच्या घरी १९६७ सालची स्टँडर्ड हेरल्ड आहे आणि गेली सव्वीस वर्षे तिची देखभाल मी स्वतः करतो. हेरल्ड आणि स्पिटफायर या एकाच घरातल्या बहिणी आहेत. दोघींचा आराखडा जोव्हान्नी मिकेलॉत्ती या इटालियन डिझायनरचा. स्पिटफायरचा नमुना तयार झाला तेव्हा स्टँडर्ड-ट्रायंफची आर्थिक स्थिती बिकट असल्यामुळे तो कारखान्याच्या कोपऱ्यात कापडाखाली झाकून ठेवलेला होता. १९६१ मध्ये लेलँडने कंपनी घेतली, त्यांच्या माणसांनी ते कापड उचलून पाहिले आणि त्यामुळे १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये ही गाडी बाजारात आली. तुम्ही ताडपत्री काढल्याचे वाचले आणि मला हीच गोष्ट आठवली.

हेरल्डचा चेसिस तोकडा करून, मधल्या कण्याभोवती स्पिटफायर बांधलेली आहे. पण एक फरक फार महत्त्वाचा आहे. हेरल्डच्या चेसिसला दोन्ही बाजूंना आधाराच्या फांद्या आहेत, त्यामुळे दाराखालचा पत्रा सडला तरी गाडी आपला आकार धरून राहते. स्पिटफायरला त्या फांद्या नाहीत. दाराखालची ती पत्र्याची पेटी, जिला आपण सिल म्हणतो, तीच तिथे गाडीचा भार उचलते. शिवाय मागचा आस जागेवर धरणारे दोन दांडे आसनांच्या मागे थेट बॉडीला बोल्टने जोडलेले असतात. म्हणजे तिथली जमीन सडली असेल तर मागची चाके कशालाच धरून नाहीत असे समजावे. तुमचे बोट जिथे आत गेले, तो भाग दिसण्यापुरता लावलेला पत्रा नाही, तिथे गाडीचे हाड आहे. म्हणून माझे उत्तर पत्रा हेच आहे, आणि त्यातही रंग नव्हे, सांगाडा.

मारुतीच्या इंजिनाचा विचार मनातून काढून टाका. त्याचे कारण पुढे कोणीतरी कायद्याच्या अंगाने सांगेलच.

नोंदवही | १९ मे, दुपारी १.४०

कायद्याचे अंग मी सांगते. वडिलांच्या गाडीसाठी गेल्या वर्षी हे सगळे केले आहे. माझ्या मते पहिला पाना लावण्यापूर्वी पहिला कागद हातात घ्यावा.

नोंदणीपुस्तिका कोणाच्या नावावर आहे? काकांच्या नावावर असेल तर मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावे हस्तांतर करण्यासाठी नमुना क्रमांक ३१ भरावा लागतो. नियमाप्रमाणे मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवायचे आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. तुमची मुदत उलटून गेली आहे, पण म्हणून हे काम टाळू नका. मृत्यूचा दाखला, काकूंचा व इतर वारसांचा ना-हरकत जबाब आणि जुनी पुस्तिका इतके आधी गोळा करा. इतकी जुनी नोंद संगणकावर नसण्याचीच शक्यता अधिक असते. मग मूळ हस्तलिखित नोंदवहीतून ती शोधून बॅकलॉग म्हणून चढवून घ्यावी लागते. मला त्यालाच पाच महिने लागले. गाडी सुटी करून ठेवली असती तर तपासणीसाठी दाखवायला काहीच उरले नसते.

दुसरी गोष्ट व्हिंटेज वाहनांच्या नियमांची. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेली आणि मूळ स्वरूपात असलेली दुचाकी व चारचाकी वाहने व्हिंटेज ठरतात. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा ही अट स्पष्ट लिहिलेली आहे. मारुतीचे इंजिन बसवले की हा दरवाजा कायमचा बंद होतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आहे, प्रमाणपत्र दहा वर्षांसाठी मिळते. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो, ही जुन्या मुंबईकरांच्या दृष्टीने मोठीच गोष्ट आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे चेसिस आणि इंजिनाचे क्रमांक. स्पिटफायरच्या पट्टीवर एफसी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. तो पुस्तिकेतल्या क्रमांकाशी जुळतो का ते आजच पाहा आणि पेन्सिल घासून त्याचा कागदावर ठसा घ्या. इंग्लंडमध्ये गेडन येथे ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्टकडे कारखान्याच्या जुन्या नोंदी आहेत. तो क्रमांक कळवला की शुल्क घेऊन ते प्रमाणपत्र देतात आणि त्यात गाडी कोणत्या दिवशी तयार झाली, मूळ रंग कोणता होता, कुठे पाठवली गेली हे कळते.

कोकणकडा | १९ मे, दुपारी ३.१०

नोंदवही यांच्याशी एका मुद्द्यावर मी असहमत आहे. व्हिंटेज म्हणून नोंद केली की गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्तीसाठीची ने-आण इतक्याच कामांना परवानगी असते. ज्यांना रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हला एक फेरी मारून यायची आहे, त्यांनी साध्या मार्गाने, म्हणजे नमुना क्रमांक २५ भरून आणि गाडी तपासून घेऊन, नोंदणीचे नूतनीकरण करावे. पर्यावरण कर भरावा लागतो आणि दर पाच वर्षांनी तेच करावे लागते, हे खरे. पण गाडी रस्त्यावरच फिरावी अशी ज्याची इच्छा आहे, त्याच्यासाठी हाच मार्ग योग्य आहे.

नोंदवही | १९ मे, दुपारी ३.३५

कोकणकडा, मुद्दा मान्य आहे. कोणता मार्ग घ्यायचा ते ठाकूरद्वार यांनी काकूंशी बोलून ठरवावे. दोन्ही मार्गांसाठी वारसाचे हस्तांतर मात्र आधी झालेच पाहिजे.

सागरगोटा | १९ मे, रात्री ९.२०

वरचे सगळे अनुभवी लोक आहेत, तरीही मी वेगळे मत नम्रपणे मांडतो. हेरल्डप्रेमी म्हणतात सांगाडा आधी. मी म्हणतो, इंजिन आधी.

माझ्या मोठ्या भावाने १९९८ मध्ये एक जुनी ब्रिटिश गाडी घेतली आणि पुस्तकात लिहिल्याप्रमाणे पहिल्याच महिन्यात ती पूर्ण सुटी केली. बॉडी एका गॅरेजमध्ये, इंजिन दुसरीकडे, दारे घराच्या गच्चीवर आणि नटबोल्ट सोळा डब्यांत. पैसे संपले, मग मुलीचे शिक्षण आले, मग बदली आली. नऊ वर्षे ती गाडी चार ठिकाणी विखुरलेली होती आणि शेवटी डब्यांसकट विकली गेली. भावाने ती एकदाही चालवली नाही. त्याच्या कष्टात काही कमी नव्हते. त्याला वाटेत कुठेच आनंद मिळाला नाही, म्हणून त्याचे मन खचले.

काकू एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्या गाडीचा आवाज त्यांच्या कानात असणार. पत्र्याच्या कामाला दीड-दोन वर्षे सहज लागतात. तेवढी वर्षे त्यांना वेल्डिंगच्या ठिणग्या दाखवण्यापेक्षा चार महिन्यांत इंजिन सुरू करून तो आवाज ऐकवला, तर पुढच्या कामाला घरातल्या सगळ्यांचे बळ मिळेल.

हेरल्डप्रेमी | २० मे, सकाळी ६.५०

सागरगोटा, तुमचे लिहिणे वाचून मी रात्री बराच वेळ विचार करत होतो. गाडी पहिल्याच महिन्यात पूर्ण सुटी करू नये हे तुमचे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे, आणि माझ्या पहिल्या प्रतिसादात ते यायला हवे होते. गाडी एकसंध असताना तिच्याविषयी जे कळते, ते सुट्या भागांवरून कधीच कळत नाही.

तेव्हा मी माझे मत असे सुधारतो. इंजिन गाडीतच ठेवून सोडवण्याचा प्रयत्न आत्ताच सुरू करावा, कारण त्याला पैशापेक्षा धीर जास्त लागतो. चारही प्लग काढा आणि त्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल व ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ एटीएफ तेल निम्मे-निम्मे मिसळून ओता. दर दोन दिवसांनी थोडे थोडे घालत राहा. दोन आठवडे अजिबात जोर लावू नका. त्यानंतर रॉकरचे झाकण काढून वाल्व मोकळे आहेत का ते पाहा आणि क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) पुलीच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावून पुढे-मागे हलका झोका द्या. केसभर हालचाल झाली तरी थांबा आणि पुन्हा तेल घाला.

इंजिन सुटले की लगेच एक तपासणी करा. दुसऱ्या माणसाला क्लच दाबायला सांगा आणि तुम्ही पुढून पुली पाहा. या छोट्या ट्रायंफ इंजिनांमध्ये क्रँक पुढे-मागे सरकू नये म्हणून अर्धचंद्राच्या आकाराचे थ्रस्ट वॉशर असतात. ते झिजले की क्लच दाबताच पुली पुढे सरकताना डोळ्यांना दिसते. ही मोकळीक ०.००४ ते ०.००८ इंच असावी. वॉशर झिजून खाली पडले तर क्रँक थेट ब्लॉकला घासू लागतो आणि ब्लॉक कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून ही तपासणी झाल्याशिवाय काकूंना आवाज ऐकवण्याची घाई नको.

जुनापाना | २० मे, सकाळी ११.३०

पान्यांविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. या गाडीचे नटबोल्ट इंची आहेत. आपल्या बहुतेक गॅरेजमध्ये मिलिमीटरचेच पाने असतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना चढतो, पण गंजलेल्या बोल्टवर जोर दिला की कोपरे गोल होतात. ९/१६ इंच म्हणजे १४.३ मिलिमीटर, त्याला १४ चा पाना बसतच नाही आणि १५ चा पाना खेळतो. मग मिस्त्री छिन्नी हातात घेतो आणि साठ वर्षे टिकलेला बोल्ट पाच मिनिटांत जातो.

इंची रिंग पान्यांचा एक चांगला संच आधी विकत घ्या. नागदेवी स्ट्रीटला मिळतो. बेअरिंग, पट्टे, नळीचे क्लिप, इंची नटबोल्ट यांसाठीही त्याच गल्लीत फिरावे लागेल. जुना भाग नमुना म्हणून हातात घेऊनच जा, नुसते नाव सांगून काही मिळत नाही. ऑपेरा हाऊसच्या बाजारात काही जुन्या दुकानदारांकडे अजूनही ब्रिटिश गाड्यांचा माल पडून असतो आणि त्यांना तो ओळखताही येतो.

प्रत्येक भाग काढण्यापूर्वी फोटो, काढल्यावर पिशवी, पिशवीवर चिठ्ठी. चिठ्ठी शाईने लिहू नका, तेल लागले की अक्षर जाते. पत्र्याच्या लहान तुकड्यावर खिळ्याने कोरलेले अक्षर टिकते.

किंगसर्कल | २० मे, दुपारी १२.१५

हेरल्डचे भाग यात वापरता येतील का? हेरल्ड आपल्याकडेच बनत असल्यामुळे तिचे भाग अजून सापडतात असे ऐकून आहे.

हेरल्डप्रेमी | २० मे, रात्री ८.४०

किंगसर्कल, याचे उत्तर काळजीपूर्वक द्यावे लागेल, कारण इथे पुष्कळ लोक फसतात. मद्रासला बनलेल्या आपल्या स्टँडर्ड हेरल्डचे इंजिन ९४८ सीसीचे होते. या स्पिटफायरचे इंजिन ११४७ सीसीचे आहे. दोघांचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७६ मिलिमीटरच, पण आपल्या हेरल्डचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६३ आणि स्पिटफायरचा ६९.३ मिलिमीटर आहे. त्यामुळे पिस्टन, रिंगा, हेड, गॅस्केट यांपैकी काहीही एकमेकांना चालत नाही. हेरल्डला एक सोलेक्स कार्ब्युरेटर, हिला दोन एसयू. आपल्या हेरल्डला पुढे ड्रम ब्रेक आणि हिला डिस्क. सस्पेन्शनची घडण मात्र तीच आहे. बुश, ट्रनियन असे भाग जुन्या साठ्यातून शोधता येतात, पण प्रत्येक भाग मोजूनच घ्यावा. जे मिळणार नाही ते इंग्लंडहून मागवावे लागेल. स्पिटफायर १९८० पर्यंत बनत होती आणि तिच्यावर प्रेम करणारे लोक तिथे खूप असल्यामुळे तिचे जवळजवळ सगळे भाग आजही नवे बनतात. या बाबतीत तुम्ही सुदैवी आहात.

ट्रनियनचा विषय निघालाच आहे तर कळकळीने सांगतो. पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली पितळी ट्रनियनमध्ये आट्यांवर फिरतो. तिथे ग्रीस नव्हे, गिअरचे ९० नंबरचे तेल भरायचे असते. आपल्याकडे मेकॅनिक सवयीने ग्रीसगन लावतो. ग्रीस घट्ट होऊन बसते, आट्यांपर्यंत तेल पोचत नाही, आत पाणी जाऊन गंज धरतो आणि एखाद्या दिवशी वळणावर तो दांडा तुटून चाक आडवे पडते. माझ्या हेरल्डचे चाक १९९९ मध्ये पनवेलजवळ असेच पडले. वेग कमी होता आणि मागे ट्रक नव्हता, म्हणून आज हे लिहितो आहे. तुमच्या गाडीचे हे दोन्ही दांडे काढून, साफ करून, आटे भिंगाखाली पाहिल्याशिवाय ती गाडी कोणीही चालवू नये.

समईची वात | २१ मे, सकाळी १०.०५

विजेच्या बाबतीत एकच सूचना. १९६४ च्या स्पिटफायरमध्ये बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. नव्या पिढीतला मेकॅनिक सवयीने ऋण टोक बॉडीला लावतो. बॅटरी जोडण्यापूर्वी हे स्वतः तपासा. ल्यूकासच्या वायरिंगमध्ये तपकिरी वायर थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजमधून येणारी आणि काळी अर्थिंगची, एवढे लक्षात ठेवले तरी अर्धे काम सोपे होते. वायरचे आवरण हात लावताच तुटत असेल तर तुकडे जोडत बसू नका, पूर्ण नवा हार्नेस (सगळ्या वायरींचा तयार जुडगा) घ्या.

कोकणकडा | २१ मे, दुपारी २.३०

पेट्रोलचाही विचार आताच करायला हवा. पंपावर आता ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, मिळते. त्यातल्या इथेनॉलने जुन्या रबराच्या नळ्या फुगतात आणि मऊ पडतात, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहिली की ते हवेतला ओलावा ओढून घेते. मुंबईच्या पावसाळ्यात तर विचारायलाच नको. टाकी काढून आतून साफ करा, सर्व रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या बसवा आणि गाडी उभी ठेवायची असेल तेव्हा टाकी व कार्ब्युरेटर रिकामे ठेवा. इंजिनाशेजारी गळणारी एक नळी पुरते, सगळी मेहनत जळून जाते.

हळदीची पाने | २२ मे, सकाळी ९.१५

मी हा धागा पहिल्या दिवसापासून वाचते आहे. मी आणि माझ्या यजमानांनी मिळून एक स्पिटफायर उभी केली आहे, थोडी नंतरच्या वर्षाची. त्यात आमची जी एक मोठी चूक झाली ती सांगण्यासाठी आज लिहिते.

आम्ही गाडी एका गॅरेजला दिली. त्यांनी पुढची चाके काढून गाडी दोन्ही टोकांना लाकडी ठोकळ्यांवर ठेवली आणि दोन्ही सिल एकाच दिवशी कापून काढले. आम्ही आठवड्याने गेलो तेव्हा गाडी मध्यभागी खाली झुकलेली होती. नवे सिल त्याच स्थितीत वेल्ड केले गेले. रंग झाला, गाडी सुंदर दिसू लागली, पण दारे लागेनात. दारांच्या वरच्या बाजूची फट मिटली होती आणि खालची बोटभर रुंद झाली होती. ते सगळे पुन्हा कापावे लागले. पहिल्या वेळेपेक्षा दुप्पट खर्च आला, आणि सहा महिने मी त्या गाडीकडे पाहू शकत नव्हते.

दुसऱ्या खेपेला आम्ही असे केले. काहीही कापण्यापूर्वी दोन्ही दारांच्या फटी तीन-तीन ठिकाणी मोजून भिंतीवर खडूने लिहिल्या. दाराच्या चौकटीत पुढून मागे लोखंडी चौकोनी पाइप वेल्ड करून आडवा आधार दिला. गाडीचा भार सस्पेन्शनवर, म्हणजे ती रस्त्यावर जशी उभी राहते तसाच ठेवला. एका वेळी एकच सिल कापला, आणि नवा सिल वेल्डिंगच्या बारीक टाक्यांवर धरून, दार लावून, फट मोजून मगच पूर्ण वेल्ड केला. गॅसच्या वेल्डिंगने हा पत्रा तापून लहरतो, म्हणून मिग वेल्डिंग करणाराच कारागीर शोधला. त्याला शोधायलाच दोन महिने लागले.

पत्रा किती शिल्लक आहे हे कळण्यासाठी कपड्यात गुंडाळलेला लोहचुंबक सगळ्या गाडीवरून फिरवा. चुंबक जिथे धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे. सागरगोटा यांचे म्हणणे मला भावनेच्या अंगाने पटते, पण इंजिन सुरू झाले की लोकांना गाडी चालवण्याचा मोह आवरत नाही, आणि सडलेल्या सिलवर चालवलेली गाडी आपला आकार हरवते. इंजिनाचा आवाज ऐकवा, फक्त चाक फिरू देऊ नका.

सागरगोटा | २२ मे, सकाळी ९.५०

हळदीची पाने, ही अट मला पूर्ण मान्य आहे.

ठाकूरद्वार | २३ मे, रात्री ११.००

सर्वांचे मनापासून आभार. नोंदणीपुस्तिका काकूंच्या लोखंडी कपाटात मिळाली आणि चेसिसचा क्रमांक तिच्याशी तंतोतंत जुळला. इंजिनाच्या क्रमांकाचा शेवटचा आकडा गंजामुळे वाचता येत नाही. सिलिंडरमध्ये आजच तेल घातले आहे. वारसाच्या अर्जाचे कागद गोळा करतो आहे.

नोंदवही | २४ मे, सकाळी ८.२०

इंजिनाच्या क्रमांकावर सँडपेपर किंवा तारेचा ब्रश मुळीच लावू नका, आकडे उथळ असतात. रॉकेलात भिजवलेल्या फडक्याने पुसा आणि बाजूने तिरकस उजेड टाकून फोटो काढा. आकडा नक्की दिसेल.

कोकणकडा | २४ मे, दुपारी १२.००

जागेचे काय ठरले? मुंबईत सोसायटीच्या आवारात असे काम करता येत नाही. शेजारी आठ दिवस कौतुक करतात आणि नवव्या दिवशी तक्रार येते. चाके नसलेली गाडी रस्त्याच्या कडेला ठेवली तर ती बेवारस म्हणून उचलली जाण्याचा धोका असतो. पालघर, वसई, कर्जत या बाजूला कोणाची सिमेंटच्या जमिनीची, पक्क्या छताची जागा असेल तर पाहा. मातीच्या जमिनीवर ठेवू नका, खालून ओल येते.

ठाकूरद्वार | १९ जुलै, रात्री ९.४०

दोन महिन्यांनी लिहितो आहे, त्याबद्दल क्षमस्व.

आकडा दिसला, आणि तो पुस्तिकेशी जुळला. हेरिटेज ट्रस्टकडून प्रमाणपत्र आले. गाडीचा मूळ रंग पांढरा होता. मी लहानपणापासून ती लालच पाहिली आहे आणि काकूंनाही ती लालच आठवते, त्यामुळे रंगाचा निर्णय आम्ही पुढे ठेवला आहे.

वसईला मामांच्या जुन्या भाताच्या गोदामात जागा मिळाली. गाडी हलवण्यापूर्वी हळदीची पाने यांनी सांगितल्याप्रमाणे फटी मोजल्या. उजव्या दाराची फट वर तीन मिलिमीटर आणि खाली आठ मिलिमीटर, म्हणजे गाडी आधीच थोडी झुकलेली आहे. दोन्ही दारांत पाइपचा आधार देऊन, जुने टायर तात्पुरते बदलून, सपाट ट्रकवर दोरखंडाने ओढून ती जूनच्या पहिल्या आठवड्यात नेली. ब्रेक जाम असल्यामुळे मागचे ड्रम वाडीतच मोकळे करावे लागले, त्यातच दोन दिवस गेले. चुंबक फिरवला तेव्हा दोन्ही सिल आणि उजवीकडची आसनामागची जमीन यांत पत्रा जवळपास नाहीच असे दिसले. चेसिसचा कणा मात्र पुढच्या एका जागेव्यतिरिक्त उत्तम आहे. ट्रनियन काढले. डावा दांडा चांगला आहे, उजव्याच्या आट्यांत खोल गंज आहे आणि नवा मागवला आहे.

इंजिनात छत्तीस दिवस तेल घालत होतो. २८ जूनला पाना लावला तेव्हा ते केसभर हलले. मी तिथेच थांबलो. ६ जुलैला पाव फेरी आणि गेल्या रविवारी पूर्ण फेरी झाली. चारही पिस्टन वर-खाली होतात. काकू वसईला आल्या होत्या. गोदामाच्या दारात खुर्ची टाकून त्या तीन तास बसल्या होत्या, आणि पुली फिरली तेव्हा उठून जवळ आल्या. आवाज अजून व्हायचा आहे, पण सागरगोटा, तुमच्या म्हणण्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

हेरल्डप्रेमी, क्लच दाबून पाहिला. पुली सरकल्याचे डोळ्यांना अगदी स्पष्ट दिसले. डायल गेज उसना आणून मोजले तर ०.०१४ इंच आले.

हेरल्डप्रेमी | २० जुलै, सकाळी ६.३०

०.०१४ फार आहे, पण तुम्ही वेळेवर पाहिलेत. इंजिन आता सुरू करू नका. संप, म्हणजे इंजिनाखालचे तेलाचे भांडे, काढा. मागच्या मुख्य बेअरिंगची टोपी उतरवली की दोन्ही थ्रस्ट वॉशर गाडीतल्या गाडीत बदलता येतात, इंजिन बाहेर काढावे लागत नाही. ते जाड मापातही मिळतात, म्हणून मागवण्यापूर्वी जुन्यांची जाडी मोजा. बसवताना खाचांची बाजू क्रँककडे ठेवा, ब्लॉककडे नको. येत्या रविवारी मी दादरहून सकाळच्या गाडीने वसईला येऊ शकतो. मायक्रोमीटर माझ्याकडे आहे.

जुनापाना | २० जुलै, सकाळी ९.१०

मीही येतो. संपचे बोल्ट इंची आहेत, माझे पाने घेऊन येतो.

ठाकूरद्वार | २० जुलै, सकाळी ९.२५

अवश्य या. स्टेशनवर मी घ्यायला येईन. काकूंनी दोघांना जेवायला थांबायला सांगितले आहे.